दान द्या, भंगार नको!
ऑगस्ट 2019 मध्ये तिलारीचे पाणी पेडण्यातील चांदेल व डिचोलीतील साळ गावात शिरले. पूर ओसरतो, चिखल राहतो. मग गाळ उचलणारे ट्रक, संडासाच्या टाक्या उपसणारे टँकर लागतात, हे आम्हा पेडणे-डिचोलीकरांना कुणी सांगायला नको. नोव्हेंबर 2025 मध्ये दितवाह चक्रीवादळाने श्रीलंकेवर तीच पाळी आणली. जपान वापरलेले कचऱ्याचे ट्रक गरजू देशांना देतो. आपल्या पालिकांनीही द्यावेत. श्रीलंकेतही वाहने डावीकडूनच चालतात, गाड्या लगेच कामी येतील. मात्र 1 एप्रिल 2023 पासून आपल्याकडे 15 वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणीच रद्द होते. तोवर राबवून मग पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या दारात भंगार टाकणे! दहाव्या वर्षीच, सुट्या भागांसह द्या. आणि हो, एक टँकर पावसाळाभर साळलाही उभा करा.