कृश बालकांतील छुपा लठ्ठपणा

लठ्ठपणा हा शहरी सुखवस्तूंचा रोग, या समजुतीपायी शेलूबाजारसारख्या (जि. वाशीम) गावांत त्याची दखलच घेतली जात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या २००३ मधील शोधनिबंधाने हा भ्रम खरे तर दूर व्हायला हवा होता. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आपल्या बालकांचे स्नायू कमी, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर ती दिसत नाही. अशा मुलाच्या हाती पुढे वेफर्सचे पाकीट येते आणि ऐन कमावत्या वयात मधुमेहाच्या औषधांचा भार शेतकरी कुटुंबावर पडण्याचा धोका वाढतो. शाळेच्या ५० मीटर परिसरात असे पदार्थ विकण्यास केंद्राच्या २०२० च्या नियमांनी मनाई केली. पण गावोगावी तपासणार कोण? पुण्याच्याच अभ्यासात गर्भवतीच्या आहारातील दूध, पालेभाज्या व फळांचा बालकाच्या वाढीशी संबंध आढळला होता. प्रतिबंधाचा आरंभ तेथूनच करावा लागेल.