मीटरचा आकडा कोणी वाचायचा?

फरीदाबादच्या न्यू टाऊनमध्ये, बल्लभगढकडे राहणाऱ्या आपल्या रेल्वे व टपाल बांधवांपैकी किती जण घरचा वीजमीटर स्वतः वाचतात? फारच थोडे. ड्यूटीवर एका मिनिटाची, एका रुपयाची चुकीची नोंद खपवून न घेणारे आपण विजेचे बिल मात्र मुकाट्याने भरतो. आम्हांला हे पटत नाही.

वाचन सोपे आहे. पडद्यावर तारीख, व्होल्टेज असे बरेच आकडे फिरतात. त्यांपैकी केडब्ल्यूएच लिहिलेला आकडा म्हणजे आपले युनिट. केव्हीएएच वेगळे. आजच्या आकड्यातून मागचा वजा करा आणि बिलाशी ताडून पाहा. मीटरच पळतो अशी शंका असेल तर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेले असते, पुष्कळांवर ३२००. घरातले सर्व बंद करून इकडच्या थंडीत लागणारी १००० वॅटची रॉड पाण्यात बुडवून मग चालू करा. मिनिटाला सुमारे ५३ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेज कमी असेल तर थोडा कमी. (इस्त्री घेऊ नका, ती मधेच आपोआप बंद होते.) सर्व बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर वायरमनला बोलवा.

हरियाणाच्या वीज निगमांनी २०१८ साली दहा लाख स्मार्ट मीटरांचा करार केला, त्यात फरीदाबादही होते. स्मार्ट मीटर लागला की दारात कोणी येत नाही, आकडा दुरूनच जातो. रीडिंग घेणारा बहुधा कंत्राटी कामगार असे. त्याचे काम जाते ते जातेच, शिवाय ज्याला दोन प्रश्न विचारावेत असा माणूसही उरत नाही. यंत्राला आमचा विरोध नाही. साक्षीदार नसलेल्या आकड्याला आहे.

ग्राहक हक्कांचे २०२० चे केंद्रीय नियम आपल्या बाजूचे आहेत. मीटरपर्यंत पोहोचता आले नाही तर ग्राहकाला आकड्याचा फोटो पाठवता येतो. दोनहून अधिक वेळा अंदाजाने बिल आले तर प्रत्यक्ष रीडिंगचे बिल येईपर्यंत पैसे नाकारता येतात. २००३ च्या कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते.

भाड्याच्या खोलीत, घरमालकाच्या सब-मीटरवर राहणाऱ्यांची अडचण अधिक. त्यांनी खोली घेतानाच आकडा लिहून मालकाची सही घ्यावी. प्रत्येक शाखेने पगाराच्या दिवशी सभासदांच्या रीडिंगची एक वही उघडावी. एकाच गल्लीतल्या दहा घरांचे आकडे शेजारी शेजारी आले की तक्रार एकट्याची राहत नाही.