जलरेषेखालचा लाल

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमधून मुंबई बंदरात नांगरून पडलेली मालवाहू जहाजे बरीच जवळून पाहता येतात. माल भरलेले जहाज पाण्यात खोल बसलेले असते आणि त्याचा काळा किंवा निळा वरचा भाग तेवढा दिसतो. माल उतरवलेले जहाज मात्र वर उचलले जाते आणि एरवी पाण्याखाली दडलेला लाल पट्टा उघडा पडतो. जहाज कोणत्याही देशाचे असो, हा लाल बहुधा सारखाच असतो: विटकरी, किंचित मळका, शोभेसाठी कोणी निवडला असेल असे मुळीच न वाटणारा.

साहित्याच्या अभ्यासकाला रंग दिसला की प्रतीक शोधायची खोड असते. लाल म्हटले की रक्त, क्रांती, सौभाग्य, धोका अशी मालिका आपोआप सुरू होते. या लालापुढे ती खोड आवरावी लागते. तो कोणी काही सुचवण्यासाठी लावलेला नाही. तो मुख्यतः क्युप्रस ऑक्साइड या तांब्याच्या संयुगाचा अंगचा रंग आहे आणि हे संयुग तेथे विष म्हणून योजलेले आहे. आज इतर रंगांतही असे लेप मिळतात. लालाची प्रथा मात्र टिकून आहे. या रंगाचा अर्थ लावायचा, तर तो काय सुचवतो यापेक्षा तो काय करतो हे पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

समुद्रात बुडालेली कोणतीही वस्तू फार काळ मोकळी राहत नाही. आधी सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग बार्नेकल, शिंपले, कालवे असे एकेक येऊन वस्ती करतात. तळ खरखरीत झाला की पाण्याचा अडथळा वाढतो, वेग घटतो, इंधन अधिक जळते. लाकडी जहाजांच्या काळात याहून मोठे संकट होते ते टेरेडोचे. दिसायला अळीसारखा, पण शिंपल्यांच्या कुळातला हा प्राणी लाकूड आतून पोखरून काढी. यावर उपाय म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. पुढे तांब्याच्या संपर्काने लोखंडी खिळे कुजतात असे आढळले; तरीही फायदा एवढा मोठा होता की १७७९ नंतरच्या काही वर्षांतच बहुतेक सारे आरमार तांब्याने मढवले गेले. इंग्रजी भाषेत ‘कॉपर-बॉटम्ड’ हे विशेषण खात्रीच्या, भरवशाच्या गोष्टीसाठी रूढ झाले ते यातूनच.

या भरवशाचे मर्म उलगडले ते एका फसलेल्या प्रयोगातून. तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्यात झिजत, आणि ते वारंवार बदलणे खर्चाचे होते. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडून ही झीज थांबवून दाखवली. प्रयोग शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर होता. परंतु तांबे झिजेनासे होताच जहाजांच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकल पुन्हा चिकटू लागले, आणि आरमाराला ही युक्ती सोडून द्यावी लागली. तांबे तळाचे रक्षण करी ते स्वतः पाण्यात विरघळत राहून. लोखंडी जहाजे आल्यावर पत्र्यांची जागा रंगाने घेतली, पण तत्त्व बदलले नाही. हा रंग सतत थोडा थोडा समुद्रात गेला तरच उपयोगाचा. भिंतीचा रंग टिकला तर आपण त्याला चांगला म्हणतो. हा मात्र टिकून राहिला तर कुचकामी.

मग जे समुद्रात गेले त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न पुष्कळ काळ कोणी फारसा विचारला नाही. तो विचारणे भाग पडले ते तांब्याहून जालीम असे कथिलाचे संयुग आल्यावर. ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजांच्या रंगांत सर्रास वापरले जाऊ लागले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची शेती कोलमडली. पिल्ले तगेनात, शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या. १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटत असल्याचे आढळले, आणि हे घडायला एका लिटर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भाग इतके टीबीटी पुरत होते. आपल्याकडेही १९९९ च्या सुमारास गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हाच विकार एका गोगलगायीत नोंदवला. तिचे शास्त्रीय नाव ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’. कोकणाचे नाव मिरवणाऱ्या या जिवाच्या देहावर जगाच्या व्यापाराची खूण उमटली होती. या जिवाने कोणाचे काय वाकडे केले होते? २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बंदीचा करार संमत केला. तो अमलात यायला सप्टेंबर २००८ उजाडले. आर्काशोंची कालवे मरू लागल्यापासून तोवर सुमारे तीस वर्षे उलटली होती. त्याच करारात पुढे सायब्युट्रीन या शेवाळनाशकाची भर पडली आणि १ जानेवारी २०२३ पासून त्यावरही बंदी आली.

याची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तळ स्वच्छ नसेल तर जहाज अधिक तेल जाळते, आणि तो धूर आपल्याच हवेत येतो. शिवाय तळाला चिकटून परके जीव देशोदेशी पोहोचतात. मूळचा अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचा ‘मायटिलॉप्सिस’ हा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबई बंदरातही स्थिरावला. तेव्हा ‘विष नको’ एवढे म्हणून सुटका होत नाही. तळ मोकळा राहायलाच हवा. प्रश्न आहे तो कसा राखायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची याचा. आजवर जहाजाच्या मालकाचे तेल वाचले, आपल्याला वस्तू स्वस्त मिळाल्या, आणि बिल गेले कालवांकडे व त्यांवर पोट असणाऱ्यांकडे.

आता सिलिकोनचे गुळगुळीत लेप मिळतात. त्यांत जीव मारण्याचा हेतू नसतो. जिवांची पकड ढिली ठेवायची आणि जहाज वेगात असताना ते वाहून जावेत, एवढीच योजना. हे लेप महाग आहेत आणि दीर्घकाळ नांगरून पडणाऱ्या जहाजांना फारसे उपयोगी नाहीत. तेही सर्वस्वी निर्दोष ठरतील असे आताच म्हणवत नाही. तरीही मारण्यापेक्षा सुटू देण्याची ही दिशा मला अधिक सुसंस्कृत वाटते. मात्र नवा लेप समुद्रात उतरण्यापूर्वी त्याची परीक्षा व्हावी आणि ती सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असावी. टीबीटीच्या वेळी हे ओझे कालवे पिकवणाऱ्यांनी वाहिले. तसे पुन्हा होऊ नये.

विद्यार्थ्यांना प्रतिमा शिकवताना आपण सांगतो की, शब्दाच्या पृष्ठभागाखाली पाहा. जहाजांच्या बाबतीत हे अगदी शब्दशः करता येते. माल उतरवलेले एखादे जहाज बंदरात दिसले, तर तो लाल पट्टा जरा थांबून पाहावा. भरलेल्या जहाजाला तो झाकता येतो, पण पाण्याखाली त्याचे काम चालूच असते.