मार्का आपला, तर रेघही आपली हवी

बारामती आणि इंदापूर अशा दोन गावी आमची कापडाची दुकाने आहेत. मोठी नाहीत, पण वडिलांच्या काळापासून चालत आलेली आहेत. मागे आम्ही ठरवले की, शाळेच्या गणवेशाचे नुसते कापड न विकता शर्ट शिवून स्वतःच्या नावाने विकावेत. कॉलरच्या आत लावायला विणलेले लेबल हवे होते. म्हणून सुरतच्या एका लेबलवाल्याला दुकानाचा मार्का मोबाईलवर पाठवला. त्याचे उत्तर आले, "शेठ, हे चालणार नाही. व्हेक्टर फाइल पाठवा."

तीस वर्षे कापड विकून हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. मार्का ज्या फ्लेक्सच्या दुकानात करून घेतला होता, तिथे गेलो. तिथला मुलगा म्हणाला, मूळ फाइल नाही, आहे ते हे जेपीजी चित्रच. त्याने ते ताणून मोठे केले, तर आमच्या मोराच्या पिसाऱ्याच्या कडा करवतीसारख्या दिसू लागल्या. खोदून विचारल्यावर कळले की, मोर त्याने काढलेलाच नव्हता, इंटरनेटवरून उचलला होता. पुढे काही दिवसांनी तोच मोर आम्ही पशुखाद्याच्या एका पोत्यावर पाहिला. सहा वर्षे जिला आम्ही आपली ओळख समजत होतो, ती कोणाचीही होती.

सगळा दोष त्या मुलाच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. बोर्डाचे पैसे आम्ही दिले होते, मार्का त्याने वर फुकट दिला होता. गिऱ्हाईकाला कापड दाखवताना आम्ही पन्हा, सूत, रंग पक्का की कच्चा, सगळे सांगतो. स्वतःच्या नावाचा माल घेताना मात्र आम्ही एक प्रश्न विचारला नाही. आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांची हीच गत आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

माप आणि शर्ट

संगणकात चित्र दोन तऱ्हेने ठेवता येते. एक तऱ्हा ठिपक्यांची. बारीक चौकोनी ठिपके शेजारीशेजारी मांडून चित्र तयार होते. फोटो असाच असतो. मोठा करायला गेले की ठिपके दिसू लागतात. दुसरी तऱ्हा रेघांची. बिंदू कुठे आहे, त्यापासून रेघ कोणत्या दिशेला निघते, किती वळते आणि पुढच्या बिंदूला कशी मिळते, एवढाच हिशोब त्यात लिहिलेला असतो. यालाच व्हेक्टर म्हणतात.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर ठिपक्यांचे चित्र म्हणजे शिवलेला शर्ट आणि व्हेक्टर म्हणजे शिंप्याच्या वहीतले माप. मुलाचा शर्ट ताणून बापाला होत नाही. माप आणि कटिंगचा कागद हातात असेल, तर दोघांचेही शर्ट निघतात. म्हणूनच व्हेक्टर मार्का व्हिजिटिंग कार्डावर जितका स्वच्छ दिसतो, तितकाच वीस फुटी बोर्डावर दिसतो. स्टिकर कापणारे यंत्र त्याच रेघेवरून पाते फिरवते. स्क्रीन प्रिंटिंगवाला प्रत्येक रंगाची स्क्रीन त्यावरूनच वेगळी काढतो.

या वळणदार रेघांचे गणित मोटारीच्या कारखान्यांतून आले. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीतले पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीतले पिएर बेझिए यांनी 1960 च्या आसपास गाड्यांच्या पत्र्याचे वळण बिनचूक मांडण्यासाठी ते उभे केले. आज संगणकावर मार्का काढताना जी रेघ ओढतात, तिला बेझिए वक्ररेषा म्हणतात.

कापडाचा धंदा आणि मार्का

मार्का ही नव्या जमान्याची चैन आहे, असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून मुंबईला येणाऱ्या कापडावर रंगीत कागदी तिकिटे चिकटवलेली असत. त्यांवर हत्ती, वाघ, राजे, देवदेवता अशी चित्रे असत. ज्याला अक्षर येत नव्हते, ते गिऱ्हाईक चित्र पाहून माल ओळखत असे. चित्राची नक्कल म्हणजे पोटावर पाय, हे व्यापाऱ्यांना तेव्हाच कळले होते. म्हणून 1889 मध्ये मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला आणि 1940 मध्ये ट्रेडमार्कच्या नोंदणीचा. सध्याचा ट्रेडमार्क कायदा 1999 चा असून तो 2003 पासून लागू आहे.

पेंटर आणि कातिब

बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाणारा रस्ता आमच्या पायाखालचा आहे. पूर्वी या रस्त्यावरच्या भिंती आणि पाट्या पेंटर रंगवत. अक्षराच्या वळणावरून आम्ही सांगत असू की हा हात कोणाचा. फ्लेक्स आले आणि पेंटरचे काम गेले. आता खताचे दुकान, हॉटेल आणि कापडाचे दुकान एकाच ठशाच्या अक्षरात दिसतात.

असाच प्रसंग उर्दू कातिबांवर आला होता. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. खुशखतीच्या तासाला उस्ताद आधी बोरूने नुक्ता काढायला लावत, मग नुक्त्याने अक्षर मोजायला. नस्तालीकचा अलिफ तीन नुक्त्यांचा. त्यात कमीजास्त झाले की पुन्हा लिहा. नुक्त्याने अक्षर मोजण्याची ही रीत बगदादच्या इब्न मुक्ला यांनी दहाव्या शतकात बसवली. तेव्हा आम्हाला तो छळ वाटे. आज कळते की व्हेक्टर शिकवणारा पहिल्या दिवशी तेच सांगतो: बिंदू नेमका ठेवा, रेघ आपोआप नीट येईल.

1994 मध्ये दिल्लीहून इनपेज हे उर्दू लिहिण्याचे सॉफ्टवेअर आले आणि पाहता पाहता वृत्तपत्रांतले कातिब घरी बसले. पण या गोष्टीची दुसरी बाजू फार कमी लोकांना माहीत आहे. संगणकावर जे नूरी नस्तालीक उमटू लागले, ते काही यंत्राने स्वतः काढले नव्हते. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहिल्या आणि मोनोटाइप कंपनीच्या मदतीने 1981 मध्ये त्या यंत्रात उतरवल्या. एका खुशनवीसाचा हात यंत्रात गेला, तेव्हा यंत्राला लिहिता आले. रोजी गेली ती ज्यांना त्या वाटेवर कोणी नेले नाही त्यांची.

आमचे सांगणे एवढेच आहे. मार्क्याच्या कामात सॉफ्टवेअर हे हत्यार आहे, माल आहे तो रेघ. ती रेघ आपल्या पेंटरांच्या, कातिबांच्या, मेंदी काढणाऱ्या मुलींच्या आणि भरतकाम करणाऱ्या कारागिरांच्या हातात आधीच आहे. हत्यार सहा महिन्यांत शिकता येते. हात बसायला दहा वर्षे लागतात. आपण मात्र हात असलेल्याला घरी बसवतो आणि हत्यार असलेल्याकडे मार्का काढायला जातो.

आमच्या नव्या मार्क्याचे काम आम्ही इंदापूरच्या एका बुजुर्ग पेंटरचाचांना दिले. त्यांनी चार दिवस कागदावर मोर काढला आणि पाचव्या दिवशी पिसारा खोडून तीन पिसे ठेवली. त्यांच्या भाच्याने तो कागद स्कॅन करून संगणकाकडून आपोआप रेघा काढून घेतल्या. दिसायला ठीक होते, पण आत शेकडो बिंदू आणि प्रत्येक वळणावर थरथर. चाचांनी पडद्यावर पाहून एवढेच म्हटले, "हात कापतोय याचा." मग भाच्याने कागद खाली ठेवून एकेक बिंदू स्वतः बसवला. बावीस बिंदूंत मोर झाला. तो लेबलवर विणला गेला, पिशवीवर छापला गेला आणि बोर्डावरही चढला. आम्ही दोघांनाही मेहनताना दिला. चाचांनी आधी घ्यायलाच नकार दिला. "मार्क्याचे कसले पैसे?" म्हणाले. ही सवय आपणच त्यांना लावली आहे.

शिकायचे कसे

गावातल्या बहुतेक फ्लेक्सच्या दुकानांत कोरल ड्रॉ असते, म्हणून मुले तेच शिकतात. ते चांगलेच आहे, पण त्याला पैसे पडतात आणि चोरीची प्रत वापरून कोणी धंद्याचा पाया घालू नये. इन्कस्केप हे सॉफ्टवेअर 2003 पासून विनामूल्य मिळते आणि मार्क्याच्या कामाला पुरेसे आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात त्याचे धडे आहेत, तेही फुकट.

सुरुवात मात्र पेन्सिलीने करावी. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना आपली मुले-मुली जरूर बसवावीत. संगणकावर आल्यावर पहिला महिना फक्त पेन टूल गिरवावे. वर्तुळ, पान, कैरी काढावी. वळणाचा बिंदू शक्यतो टोकावर ठेवावा, म्हणजे सगळ्यात वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे. बिंदू जितके कमी, तितकी रेघ गुळगुळीत.

मार्का झाला की त्याची परीक्षा घ्यावी. एका रंगात काळा करून ओळखू येतो का? अंगठ्याच्या नखाएवढा केला तर वाचता येतो का? विणलेल्या लेबलात केसासारखी बारीक रेघ धाग्यात हरवते. खोक्याच्या छपाईला एक-दोन रंगच परवडतात. भरतकामाच्या यंत्रासाठी त्याच रेघांवरून टाक्यांची वेगळी फाइल करावी लागते, हेही ध्यानात असावे.

अक्षरांची चूक सर्वांत जास्त होते. एका संगणकावरचे मराठी दुसऱ्यावर उघडले की अक्षरांची खिचडी होते. म्हणून छापखान्यात पाठवण्यापूर्वी अक्षरांचे रेघांत रूपांतर करावे. टाइपही हक्काचा वापरावा. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्त आणि बलू, तसेच उर्दूसाठी नोटो नस्तालीक हे खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यातही वापरता येतात.

काम कुठे आहे, असे कोणी विचारेल. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत हायटेक टेक्स्टाइल पार्क आहे. जिथे कपडा शिवला जातो, तिथे लेबल, टॅग आणि खोके लागतेच. इंदापूर भागातले डाळिंब पेटीतून जाते आणि पेटीवर नाव लागते. बेकरी, अत्तर, मसाला, फर्निचर, सर्वांना पिशवी आणि बोर्ड हवा. शिवाय 2022 च्या कायद्यातील दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली आहे आणि तिची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. चांगले देवनागरी अक्षर काढणाऱ्याला काम कमी पडू नये.

आता मोबाईलवर चार शब्द लिहिले की क्षणात मार्का तयार होतो, असेही मुले सांगतात. होतो, पण हाती येते ते बहुधा ठिपक्यांचे चित्र, आणि त्यातली अक्षरे नीट तपासल्याशिवाय घेऊ नयेत. तयार नमुन्यातून घेतलेली आकृती उद्या शेजाऱ्याच्या दारावर दिसली, तर भांडायला जागा राहत नाही. हे आम्ही मोराच्या बाबतीत भोगले आहे.

हक्काची गोष्ट

व्यापारी बांधवांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, मार्का काढणाऱ्याकडून मूळ फाइल घ्यावी, शिवाय एसव्हीजी आणि पीडीएफ प्रती घेऊन दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. दुसरी, पैसे देताना एका कागदावर सहीनिशी लिहून घ्यावे की, आकृती स्वतः काढलेली आहे आणि तिचे हक्क दुकानाला दिले आहेत. नुसती पैशाची पावती पुरेशी समजू नये. तिसरी, ट्रेडमार्कची नोंदणी करावी. एकट्या व्यापाऱ्याला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4500 रुपये आहे. कापड 24 व्या वर्गात येते, तयार कपडे 25 व्या आणि दुकानदारी 35 व्या वर्गात. नोंदणी दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण होते. नोंदणी होण्याआधी वर्तुळातले आर अक्षर लावू नये, ते बेकायदा आहे.

पेंटर आणि कारागीर बांधवांना विनंती आहे की, घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून हात शिकवा आणि त्याच्याकडून संगणक शिकून घ्या. वय आड येत नाही. चाचांनी सत्तरीत माउस धरला आहे. आणि दुकानदारांनी मार्क्याचे पैसे वेगळे द्यावेत, बोर्डात मिळवून नव्हे. मजुरी मिळाली नाही, तर हा हुनर पुढच्या पिढीत कोणी उचलणार नाही.

तूर्त एवढे तरी करा. दुकानाच्या मार्क्याची मूळ फाइल कोणाकडे आहे आणि त्यातली रेघ कोणी काढली, हे आजच विचारून घ्या.