सामाईक अंगणाचा जमाखर्च

गेल्या अंकात नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांतील फरकाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक मजकूर मूळ विषय सोडून सोसायटीच्या कारभाराविषयीच होता. तक्रारीचा सूर बहुतेक ठिकाणी एकच : दरमहा एवढी रक्कम भरतो, ती जाते तरी कुठे? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरात रोज रात्री रोखकीर्द मिळवल्याशिवाय दुकानाचे कुलूप लागत नाही, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परंतु त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. आपण भरतो ती रक्कम पुरेशी आहे का?

सहकारी गृहनिर्माण संस्था ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मुंबईत गावदेवी भागातील सारस्वत मंडळींची सोसायटी १९१५ साली स्थापन झाली. आजचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि त्याखालील उपविधी यांनुसार चालतो. या व्यवस्थेचे मर्म असे की, सदनिका आपल्या ताब्यात असली तरी जिना, गच्ची, पाण्याची टाकी, कुंपणाची भिंत, मागचे अंगण आणि त्यातील झाडे ही सर्वांची मिळून असतात. चार भावांच्या सामाईक पेढीसारखाच हा प्रकार आहे. पेढी चांगली चालली तर चौघांची पत वाढते. एकाने हात आखडता घेतला, तर तोटा मात्र त्याच्या एकट्याच्या खात्यात पडत नाही.

आपल्याकडील सोसायट्यांच्या वार्षिक सभेत एक वाक्य हमखास टाळ्या मिळवते : ‘गेल्या सहा वर्षांत समितीने वर्गणी एक रुपयानेही वाढवलेली नाही.’ बँकेत कर्जप्रकरणे तपासताना मी अनेक ताळेबंद पाहिले. यंत्रसामग्रीवर घसारा न धरता दाखविलेला नफा हा नफा नसतो, हे कोणत्याही व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. इमारत ही तर सर्वांत मोठी यंत्रसामग्री. तिचे प्लास्टर दर पावसाळ्यात थोडे झिजते, लोखंडी गज आतून गंजतात, लिफ्टचा दोर जुना होतो. ही झीज वर्गणीच्या हिशेबात धरलेली नसेल, तर न वाढलेली वर्गणी ही बचत नव्हे. ते न लिहिलेले कर्ज आहे.

या कर्जाची तरतूद कशी करावी हे आदर्श उपविधींत स्पष्ट सांगितले आहे. सिंकिंग फंडासाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीसाठी किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी जमा करावयाची असते. यात जमिनीची किंमत धरीत नाहीत. आता थोडे गणित करू. समजा, चाळीस सदनिकांची इमारत आहे आणि प्रत्येक सदनिकेचा बांधकाम खर्च आठ लाख रुपये होता. म्हणजे सिंकिंग फंडाचे दोन हजार आणि दुरुस्ती निधीचे सहा हजार, असे वर्षाला आठ हजार रुपये झाले. महिन्याला हा आकडा सातशे रुपयांच्या आतच राहतो. चाळीस घरांचे मिळून वर्षाला ३ लाख २० हजार आणि दहा वर्षांत, व्याज न धरता, ३२ लाख रुपये उभे राहतात. ही रक्कम वेळच्या वेळी जमा केली नाही, तरी खर्च टळत नाही. तो एके दिवशी प्रत्येक घरावर ऐंशी हजारांच्या रूपाने एकदम येऊन पडतो.

तो कोणावर पडतो, हे पाहण्यासारखे आहे. माझ्या परिचयाच्या एका सोसायटीत वर्षानुवर्षे वर्गणी अगदी कमी ठेवण्यात आली होती. पुढे वरच्या मजल्यांवर गळती सुरू झाली, गॅलरीचे तुकडे खाली पडू लागले, आणि अभियंत्याने तातडीची दुरुस्ती सुचविली. दोन महिन्यांत प्रत्येकाने ८५ हजार रुपये भरावे, असा ठराव झाला. ज्यांची दुकाने चालू होती त्यांनी धनादेश लिहिला. तिसऱ्या मजल्यावरील एक वयोवृद्ध भगिनी मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवीत असत. त्यांना ठेव मुदतीआधी मोडावी लागली. व्याज कापले गेले ते वेगळेच, पुढच्या प्रत्येक महिन्याची मिळकतही कायमची कमी झाली. स्वस्त वर्गणीचा लाभ ज्यांनी पंधरा वर्षे घेतला, त्यांपैकी कित्येक कुटुंबे तोपर्यंत सदनिका चांगल्या भावाने विकून मोठ्या घरात गेली होती. उधारी एकाची आणि फेड दुसऱ्याची, हा न्याय आपण आपल्या बाजारात कधी चालू देऊ का?

म्हणून इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यावी, अशी उपविधींतील तरतूद आहे. तो अहवाल कपाटात ठेवण्यासाठी नसतो. त्यातील खर्चाचा अंदाज सभेपुढे ठेवून निधीशी ताडून पाहावा. तूट किती आहे हे कळले, तर ती भरून काढण्यास काही वर्षे हाती राहतात.

दुसरा विषय थकबाकीचा. तो थोडा नाजूक आहे, तरी बोलले पाहिजे. आपल्या समाजात पत ही भांडवलापेक्षा मोठी मानली जाते. घेतलेल्या मालाचे पैसे ठरल्या दिवशी पोहोचले नाहीत, तर रात्री झोप येत नाही, अशी माणसे मी पाहिली आहेत. आश्चर्य असे की, त्यांतीलच काहींची सोसायटीची वर्गणी सात-आठ महिने राहून जाते. पैसे नसतात म्हणून नव्हे. मागणारा कोणी नसतो म्हणून. खजिनदार शेजारीच राहतो, लग्नकार्यात भेटतो, मुले एकत्र शाळेत जातात. त्याला भीड पडते, आणि त्या भिडेची किंमत उरलेली घरे भरतात. माळ्याचा पगार लांबतो, पंपाची दुरुस्ती पुढे ढकलली जाते.

उपविधींनुसार थकबाकीवर सर्वसाधारण सभा ठरवील त्या दराने, कमाल २१ टक्के सरळव्याज आकारता येते. दरमहा ३,००० रुपये वर्गणी वर्षभर भरलीच नाही, तर ३६,००० रुपयांवर या कमाल दराने ४,०९५ रुपये व्याज होते. तरीही रक्कम आली नाही, तर निबंधकांकडून वसुली दाखला मिळवून ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. ही पाळी येऊ नये यासाठी माझा अनुभवाचा उपाय साधा आहे. दर तिमाहीस प्रत्येक सभासदाला, ज्याचे येणे शून्य आहे त्यालाही, त्याच्या खात्याचा उतारा पाठवावा. बँक ग्राहकाला उतारा देते तेव्हा कोणी तो अपमान समजत नाही. सर्वांना सारखाच कागद गेला की भीड उरत नाही आणि बोटही कोणाकडे दाखवावे लागत नाही.

आता अंगणाकडे वळू. मोटारी वाढल्या तसे प्रत्येक सोसायटीत बागेच्या तुकड्यावर लोकांचे लक्ष गेले आहे. आमच्या पुण्यातील सोसायटीतही बाग काढून तेथे पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि बारा गाड्यांची सोय करावी, असा प्रस्ताव आला होता. मागणी खोटी नव्हती. रात्री दहा वाजता दुकान बंद करून येणाऱ्यास गाडी रस्त्यावर ठेवावी लागते, तेव्हा त्याचा त्रास खराच असतो. चर्चेत तीन गोष्टी पुढे आल्या. पहिली, मंजूर नकाशात जी जागा मोकळी म्हणून दाखविली आहे, तिचा वापर सभेने नुसता ठराव करून बदलता येत नाही. दुसरी, माती पावसाचे पाणी जिरवते. ती झाकली की तेच पाणी मीटरच्या खोलीकडे धावते. तिसरी गोष्ट एका आजोबांनी मांडली : बारा गाड्यांची सोय बारा घरांची, परंतु बागेतील बाक चाळीस घरांचा. अखेरीस बाग राहिली. गाड्यांच्या जागा पुन्हा आखल्या, दुचाकी एका बाजूस घेतल्या आणि पाच गाड्यांची सोय निघाली. सर्वांचे समाधान झाले असे म्हणणार नाही. मात्र निर्णय नकाशा समोर ठेवून झाला, आणि त्यामुळे कटुता टिकली नाही.

पार्किंगबाबत दहिसर येथील पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये दिलेला निर्णय प्रत्येकास ठाऊक असावा. इमारतीखालील स्टिल्टमधील किंवा मोकळी पार्किंगची जागा बांधकाम व्यावसायिकास स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे, असे त्यात ठरले. त्याचप्रमाणे संस्था नोंदली गेल्यावर चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून देणे हे बांधकाम व्यावसायिकाचे कर्तव्य असते. ज्या सोसायटीचे अभिहस्तांतरण झालेले नाही, तिच्या मालमत्ता पत्रकावर किंवा सात-बारावर अद्याप दुसऱ्याचेच नाव असते. अंगणातील फुलझाडांवर वाद घालणाऱ्यांनी आधी तो उतारा काढून पाहावा.

देखभालीचे काम वेळापत्रकाने केले तर स्वस्त पडते. मे महिन्यात गच्चीवरील पाण्याच्या वाटा आणि आवारातील चेंबर साफ करावेत. झाडांच्या धोकादायक फांद्या काढणे असो वा झाड तोडणे, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी आधी घ्यावी. बुंध्याभोवती फरशी घट्ट बसवू नये, मुळांना पाणी मिळेल इतकी माती मोकळी ठेवावी. पाण्याच्या टाक्या वर्षातून किमान दोनदा धुवाव्यात. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलै असे दोनदा घ्यावयाचे असते. कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरील टाकाऊ डबे आठवड्याला रिकामे केले, तर डास होत नाहीत आणि फवारणीचीही गरज पडत नाही. जीवहिंसा टाळू इच्छिणाऱ्या आपल्या घरांना तर हा मार्ग सहज पटावा.

हे सारे ज्यांच्या हातून होते, त्या माळ्याचा, सफाई कामगाराचा आणि रखवालदाराचा विचारही हिशेबात हवा. दोन हजार रुपयांची मिठाई सहज वाटणारी सभा रखवालदाराच्या पाचशे रुपयांच्या वाढीवर अर्धा तास घासाघीस करते, हे दृश्य शोभादायक नाही. त्यांचा पगार ठरल्या तारखेस बँक खात्यात जावा. पावसात उभे राहण्यास छप्पर, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे. या खर्चाची नोंद ‘किरकोळ’ या सदराखाली करू नये.

शेवटी सभेविषयी. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची असते. पर्युषण आणि दशलक्षण पर्वही बहुधा याच सुमारास येते, आणि दिवाळीच्या खरेदीची लगबग तोंडावर असते. परिणामी आपली बरीच कुटुंबे सभेस जात नाहीत, आणि नंतर जे ठरले त्यावर नाराज होतात. समितीला विनंती करून सभा जुलैत किंवा ऑगस्टच्या आरंभी घेता येते, कायद्याची त्यास आडकाठी नाही. मुखत्यारपत्र देऊन आपल्या वतीने कोणास सभेस पाठविता येत नाही, हेही ध्यानी ठेवावे. सदनिका पतिपत्नींच्या संयुक्त नावे असेल आणि पहिले नाव असणाऱ्यास येणे शक्य नसेल, तर त्याच्या लेखी संमतीने दुसऱ्या सभासदास मत देता येते. आवारात दिवसभर काय चालते हे घरातील भगिनींना दुकानात बसणाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांनी सभेत बसावे, समितीतही यावे.

येत्या सभेपूर्वी अहवाल हाती पडेल, तेव्हा वाचकांनी त्यात तीन आकडे शोधावेत : सिंकिंग फंडात आज प्रत्यक्ष किती रक्कम गुंतवलेली आहे, एकूण थकबाकी किती आणि ती किती जुनी आहे, आणि पुढील पाच वर्षांत कोणत्या मोठ्या दुरुस्त्या येणार आहेत. उत्तरे मिळाली नाहीत तर नम्रपणे पुन्हा विचारावे. आणि उत्तर मिळून वर्गणी वाढविण्याचा ठराव आला, तर आपल्याच इमारतीत ठेवीच्या व्याजावर जगणारे कोण कोण आहे, हे आठवून मग हात वर करावा किंवा खाली ठेवावा.

मानीव अभिहस्तांतरणासाठी कोणते कागद लागतात आणि जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज कसा करावयाचा, याविषयी पुढील अंकी.