पायातली वहाण



मागच्या रविवारी भाची घरी आली. दारात तिने जोडे काढले ते पाहून मी म्हटले, "अगं, हे काय घालून फिरतेस? दवाखान्यातल्या आयाबाईसारखी दिसतेस."

पुढून फुगलेले, वर भोके पाडलेले, मागे पट्टा असलेले हिरवे जोडे. स्टेशनबाहेर अडीचशे रुपयांना घेतलेले. भाची हसून म्हणाली, "मावशी, हीच फॅशन आहे. परदेशात मोठमोठ्या कंपन्या असले जोडे हजारो रुपयांना विकतात."

मी मात्र माझ्याच बोलण्याने चपापले होते. कारण माझी आई एका मोठ्या रुग्णालयात आयाबाईच होती. तिची गोष्ट शेवटी सांगते. आधी या कुरूप जोड्यांविषयी मी जे वाचले ते सांगते.

भाचीच्या पायात होती ती नक्कल. मूळ जोडे क्रॉक्स या अमेरिकन कंपनीचे. ही कंपनी २००२ साली निघाली आणि तिचा पहिला जोडा होडीवर वापरण्यासाठी होता. हलका, ओल्या जागेत न घसरणारा, पाण्याने धुता येणारा. मग हॉटेलांच्या स्वयंपाकघरात आणि रुग्णालयांत दिवसभर उभे राहणाऱ्यांना तो सोयीचा वाटला. शिष्ट मंडळी त्याला नाके मुरडत. पण २०१७ साली पॅरिसमध्ये बॅलेन्सियागा या बड्या कंपनीने त्याच जोड्याला चार इंचांचा जाड तळ लावून तो फॅशनच्या मेळ्यात आणला. किंमत ८५० डॉलर. त्या वेळच्या हिशेबाने पन्नास हजार रुपयांच्या वर! याच कंपनीने २०२२ मध्ये मुद्दाम फाडलेले, मळवलेले कापडी बूट काढले. त्यातले सर्वांत फाटके शंभर जोड १,८५० डॉलरला, म्हणजे दीड लाखाच्या घरात.

हे वेड आजचे नाही. इटलीच्या मिउच्चा प्राडा या बाईंनी १९९६ च्या उन्हाळ्यासाठी मळकट तपकिरी आणि हिरव्या रंगांचे कपडे आणि जाडजूड सँडल काढले, तेव्हा त्याला 'कुरूप पण झोकदार' असे नावच पडले. त्याच्याही आधी, १९८८ साली, मार्टिन मार्जिएला या बेल्जियन कलाकाराने पॅरिसमध्ये अंगठा वेगळा काढलेला, खुरासारखा दिसणारा बूट दाखवला. ती कल्पना त्याने जपानमधल्या 'ताबी'वरून घेतली. ताबी म्हणजे तिथला अंगठा वेगळा असलेला मोजा. त्यालाच रबरी तळ लावलेले जोडे जपानचे बांधकाम मजूर घालतात. जर्मनीची बिर्केनस्टॉक चप्पल घ्या. बुचाच्या तळाची, रुंद पट्ट्यांची ही चप्पल पायांच्या आरोग्यासाठी निघाली आणि परिचारिकांनी ती वर्षानुवर्षे वापरली. २०१२ साली पॅरिसच्या सेलीन कंपनीने तशाच घडणीच्या चपलेला आतून फर लावली आणि ती एकदम उंची झाली.

आता यांतले साम्य पाहा. मजुराचा जोडा, परिचारिकेची चप्पल, आचाऱ्याचे बूट. ज्यांना आठ-दहा तास पायांवर उभे राहायचे असते, त्यांनी दिसण्यापेक्षा पाय जपायला जे घातले, त्यालाच जगाने कुरूप म्हटले. आणि श्रीमंताने तेच घातले की त्याची फॅशन झाली. जोडा तोच, बदलला तो पाय.

असे का होते? अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ थोर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच एक ग्रंथ लिहून दाखवले होते की, श्रीमंत माणूस पुष्कळ गोष्टी वापरण्यापेक्षा दाखवण्यासाठी घेतो. बायकांच्या उंच टाचांचे उदाहरण त्यांनी दिले आहे. टाच सांगते की, हिला कष्टाचे काम करावे लागत नाही. पण आज नाजूक, चकचकीत सँडल स्टेशनबाहेर तीनशे रुपयांत मिळते. आपल्या लेकी ती घालून ऑफिसला जातात आणि शोभूनही दिसतात. मग श्रीमंताने वेगळे दिसायचे कसे? त्याने कुरूपाला हात घातला. फाटका बूट घालून तो हॉटेलात शिरला तरी दारावरचा माणूस त्याला अडवत नाही. आपला पोरगा फाटक्या बुटाने शिरला तर? म्हणून म्हणते, कुरूप दिसण्याची चैन त्यालाच परवडते ज्याचा मान आधीच शाबूत आहे.

आपल्या समाजाला हे कोणी शिकवायला नको. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण कोणाला उद्देशून वापरली जाई, हे आपल्या आज्यांना पाठ होते. बायकांना आणि आपल्या लोकांना. गावच्या आळीतून जाताना आपल्या माणसांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. पायात धड जोडा घालणे हाच गुन्हा होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने टाका, स्वच्छ राहा. ते स्वतः नेहमी नीटनेटक्या पोशाखात वावरले. पायातल्या बुटाला आपल्याकडे नुसत्या फॅशनचा अर्थ कधीच नव्हता.

आता गंमत बघा. २०२५ च्या जून महिन्यात मिलान शहरात त्याच प्राडा कंपनीच्या मेळ्यात पुरुषांच्या पायांत आपली कोल्हापुरी अवतरली. नाव मात्र 'चामड्याचे सँडल' एवढेच! कोल्हापूरचा उल्लेख नाही, ज्यांच्या हातांनी ती घडली त्या चर्मकार बांधवांचा तर नाहीच. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडे कमवायचे, चामड्याच्याच वादीने शिवायचे, ही विद्या ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांना गावाने विटाळाचे धनी ठरवले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले होते. ओरड झाली तेव्हा कंपनीने मूळ कोल्हापुरीचे असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि इथल्या कारागिरांकडून सुमारे दोन हजार जोड करून घेऊन ते सुमारे ८०० युरोला, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर, विकण्याचे जाहीर केले. कोल्हापुरात चांगली चप्पल हजाराच्या आसपास मिळते. ऐंशी हजारांतले शिवणाऱ्याच्या हातात किती पडतात, हा प्रश्न आपण विचारत राहिले पाहिजे. आणि आपणही बाजारात चपलेची घासाघीस करताना समोरच्या हातांकडे एकदा पाहिले पाहिजे.

भगिनींनो, मुले फॅशनचा हट्ट करणारच. त्यांना रागावू नका. पण कर्ज काढून नाव विकत घेऊ नका. जोडा घेताना बोटे मोकळी राहतात का, टाच घासते का, ओल्या फरशीवर घसरतो का, एवढे बघा. संध्याकाळी पाय थोडे फुगतात, तेव्हा मापाला जा.

आता आईची गोष्ट. ती कामावर रबराचे जाड, काळे बूट घालायची. वॉर्डातली ओली फरशी, फिनेलचे पाणी. चपलेत तिच्या बोटांना चिखल्या होत. मी सातवीत असताना ती पाळी संपवून तशीच शाळेत आली. मैत्रिणी तिच्या बुटांकडे पाहून हसल्या. घरी आल्यावर मी म्हटले, "परत ते बूट घालून शाळेत येऊ नकोस." आई काही बोलली नाही. पुढच्या वेळी ती पिशवीत चप्पल घेऊन आली आणि फाटकाबाहेर बूट बदलून आत शिरली. मी ते खिडकीतून पाहिले, आणि मला बरे वाटले होते.

भाचीला मी हे सगळे सांगितले. ती गप्प झाली. निघताना तिने ते हिरवे जोडे दारात माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाली, "मावशी, घालून तर बघ." मी घातले. खरेच, पायाला फार मऊ लागतात. आईला मिळायला हवे होते.