रंगरंगोटी म्हणजे जीर्णोद्धार नव्हे

जुन्या घराच्या दर्शनी भिंतीवर नवा रंग चढला की ते घर वाचले, अशी समजूत आमच्या सुशिक्षित मंडळींत अलीकडे फार बळावली आहे. एखादी जुनी आळी कौतुकास पात्र ठरली की उत्साही लोक रंगाचे डबे घेऊन तेथे येतात. चार-सहा घरे पिवळी, निळी, गुलाबी होतात. त्यांची छायाचित्रे घरोघर पोचतात. आणि वारशाचे जतन झाले असे मानून सर्वजण आपापल्या बिऱ्हाडी परततात. हे समाधान खोटे आहे एवढेच आम्हांस म्हणावयाचे नाही. ते अपायकारक आहे. कित्येकदा ह्या रंगानेच घराचे आयुष्य तुटते.

विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून त्याची उपपत्ती सांगतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या घराची भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना पावसाळ्यात ओल पितो आणि पुढे उन्हावाऱ्यात ती सोडून देतो. भिंतीचा हा श्वासोच्छ्वास चालू असतो म्हणून ती टिकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा हल्लीचा प्लॅस्टिकचा रंग चढविला म्हणजे तिचे नाक दाबल्यासारखे होते. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही. भिंतीस लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कोणास न दिसता कुजू लागतात. वाळवीस याहून चांगले आमंत्रण नाही. वरून घर नवऱ्या मुलीसारखे सजलेले आणि आतून खिळखिळे, अशी अवस्था दहा पावसाळ्यांत येते. मग कोणी अभियंता येऊन घर 'धोकादायक' ठरवितो, आणि त्या शब्दाची वाट पाहत बसलेला बांधकामाचा कंत्राटदार मालकाच्या दारात हजर होतो.

मुंबईत गिरगावातील खोताची वाडी हे ह्याचे डोळ्यांसमोरचे उदाहरण. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थाने आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस विकले व त्यांतून ही वाडी वसली. पुढे पडवी, लाकडी कठडे, बाहेरून माडीवर चढणारा जिना आणि वर कौले, अशी तेथील घरांची धाटणी आहे. एके काळी तेथे सुमारे ६५ घरे होती. आज त्यांची निम्मीही शिल्लक नाहीत. गेलेली घरे रंगाच्या अभावी गेली काय? वाडीतील अनंताश्रमाच्या खानावळीत मासे खाऊन तृप्त झालेले मराठी वाचक पुष्कळ असतील. ती खानावळही बंद झाली, आणि तिच्या नावाने आम्ही उसासे तेवढे टाकले.

वाडीस सरकारी संरक्षण आहे ना, असे कोणी विचारील. आहे, पण ते कसले, हे पाहावे. मुंबईसाठी १९९५ साली वारसा वास्तूंचे नियम लागू झाले व वास्तूंच्या तीन प्रती ठरल्या. खोताची वाडी तिसऱ्या प्रतीत बसविली गेली. आणि तिसऱ्या प्रतीच्या वास्तूत आतून व बाहेरून बदल करण्याची मुभा त्या नियमांनीच दिलेली आहे! शिवाय १९४७ च्या भाडेकायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठविली. भाडेकरूस त्या काळी आधाराची गरज होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु महिन्याच्या भाड्यात कौलांची एक ओळही शाकारता येत नसेल, तर घरमालकाने वारसा कशाच्या बळावर राखावा? त्याला रंगाचा डबा फुकट देणे म्हणजे उपाशी माणसाच्या कपाळी गंध लावणे होय.

आता रंगाचे कैवारी पणजीतील फोंताइन्यश मोहल्ल्याचा दाखला देतील, म्हणून त्याचाही विचार करू. तेथील गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा आणि निळीचा निळा हे रंग जगप्रसिद्ध आहेत. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग देवळांकरिता, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांकरिता, राखून ठेवलेला असे आणि इतरांनी दरवर्षी पावसाळा सरल्यावर आपापली घरे रंगवावीत असा दंडक होता. पण तो रंग कोणता? चुन्याच्या निवळीत कालविलेला. तो लावण्यापूर्वी कौले फिरवावी लागत, फुटकी पन्हळ बदलावी लागे, भिंतीची भेग बुजवावी लागे. रंग हा वार्षिक दुरुस्तीचा शेवटचा हात होता. आम्ही तो शेवटचा हात उचलला आणि आधीची सारी मेहनत टाकून दिली. शिवाय आज त्याच मोहल्ल्यात छायाचित्रे काढणाऱ्यांच्या झुंडींना कंटाळून रहिवाशांनी दारांवर मनाईच्या पाट्या लावल्या आहेत. ज्यांच्यासाठी घर रंगले, त्यांच्यामुळेच घरच्यांस पडवीत बसणे मुश्कील व्हावे, ह्याला जतन म्हणावे काय?

हा वाद नवा नाही. विल्यम मॉरिस ह्याने १८७७ साली इंग्लंडात जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ मंडळी स्थापिली, ती पाडणाऱ्यांपेक्षा नटविणाऱ्यांच्या विरुद्ध. रोजची निगा राखा म्हणजे जीर्णोद्धाराची पाळी येणार नाही, हे तिचे सूत्र. आमच्या आजोबांना ते मॉरिसकडून शिकावे लागले नव्हते. मृगापूर्वी शाकारणी झालीच पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. ही घरे परक्यांच्या अमलाची खूण, त्यांचे कौतुक आपण का करावे? खोताच्या वाडीपुरते तरी हे म्हणणे टिकत नाही. ईस्ट इंडियन लोक मूळचे ह्याच उत्तर कोकणचे. १८८७ साली त्यांनी हे इंग्रजी नाव धारण केले, तरी त्यांच्या घरात बोली मराठीचीच होती. लाकूड तासणारे सुतार येथलेच. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेलच्या मिशनऱ्यांनी १८६५ साली काढला हे खरे. पण ती कौले आमच्या देवळांवरही चढली, तेव्हा कोणी हरकत घेतल्याचे आम्हांस स्मरत नाही.

हे सारे चिरनेरच्या संदर्भात लिहिण्याचे कारण आहे. पूर्वी पनवेल तालुक्यात मोडणारे आणि आज उरण तालुक्यात असलेले हे गाव २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाने महाराष्ट्रास परिचित झाले. त्या दिवशी अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबारात आठ सत्याग्रही पडले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबई अंगणाशी आली. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण ह्या तालुक्यांतील १२४ गावांच्या टापूत कर्नाळा-साई-चिरनेर ह्या नावाचे नवे नगर वसविण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविले गेले. नगराच्या नावात चिरनेर आले. चिरनेरची घरे त्यात राहतील काय?

हुताम्यांचे स्मारक राहील. स्मारकास कोणी हात लावीत नाही. पण ज्या कौलारू घरांच्या ओट्यांवर शेतकरी, कोळी आणि कातकरी ह्यांच्या त्या पिढीची उठबस झाली, तसली जी घरे ह्या टापूत अजून उभी आहेत, त्यांना तिसरी प्रतही लाभलेली नाही. उद्या त्यांतील दोन-चार घरे रंगवून, दाराशी पितळी पाटी ठोकून, भोवती वीस मजली मनोरे उभे करावयाचे, हाच 'वारसा' असेल तर तो न केलेला बरा.

आमची मागणी साधी आहे. नगराचे आराखडे पक्के होण्यापूर्वी ह्या १२४ गावांतील जुन्या घरांची घरवार नोंद व्हावी. कोणते छप्पर गळते, कोणती तुळई कुजली, घरात कोण राहते, हे तीत लिहावे. दुरुस्तीचा पैसा प्रथम छपरास, मग लाकडास, मग चुन्याच्या गिलाव्यास मिळावा, आणि तो तेथेच राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती पडावा. चुना मळणारे गवंडी आता थोडे उरले आहेत. जे आहेत त्यांच्या हाताखाली गावातील चार मुले कामास लावावीत. आणि ही नोंद करणाऱ्यांनी मोटारीतून न पाहता घरात शिरून, माळ्यावर चढून पाहावे, तेही भर पावसात. कारण छप्पर कोठे गळते हे श्रावणात जितके स्पष्ट दिसते, तितके ते चैत्रात दिसत नाही.